विभाग क्रमांक उणे बत्तीस

माणसाचं दुःख मोठं असतं आणि कार्यालयातला रकाना लहान असतो. ही सृष्टीची रचना आहे. तिला कोणी वैयक्तिकरीत्या जबाबदार नाही. दुःखाने रकान्याच्या मापात यावं की रकान्याने दुःखाच्या, यावर पूर्वी पुष्कळ वाद होत. हल्ली होत नाहीत, कारण वाद घालणाऱ्यांनाही आपलं म्हणणं रकान्यातच लिहावं लागतं.

नगरसेवा कार्यालयाच्या तक्रार निवारण शाखेत हा प्रश्न फार देखण्या रीतीने सुटला. ज्या बाईने तो सोडवला तिची झोप मात्र उडाली. सुधारणेची किंमत कोणीतरी मोजायचीच असते, आणि ती शक्यतो खालच्या श्रेणीतल्या माणसाने मोजावी असा संकेत आहे.

बाईला घरात धाकटी म्हणत. थोरली लग्न होऊन दूर गेली, धाकटी चाळिशीला टेकली, तरी धाकटी ती धाकटीच. ऑफिसात तिला ‘प्रोग्रामर मॅडम’ म्हणत आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला की हाक मारत. तिची खुर्ची खांबामागे होती. (खांब इमारतीच्या आधारासाठी असून मॅडमना झाकण्याचा त्यामागे कोणताही हेतू नाही, असं आस्थापना शाखेने लेखी कळवलं आहे.)

तिच्या जिवाला घोर होता तो बाबांचा. बाबा निवृत्त क्रेन ऑपरेटर. नगरसेवेच्याच वसाहतीत सहाव्या मजल्यावर एकटे राहत. इमारतीची लिफ्ट बंद पडली त्याच सुमारास बाबांचे गुडघेही बंद पडले, आणि दोघांपैकी कोणाचीच दुरुस्ती होईना. "जन्मभर लोखंड वर चढवलं," बाबा म्हणत, "आणि आता स्वतःला खाली उतरवता येत नाही."

समोरच्याच इमारतीत तळमजल्यावर त्यांची मोठी बहीण राहायची, म्हणजे धाकटीची आत्या. रोज संध्याकाळी अंगणात शेजारी बसून भांडायचं हा दोघा भावंडांचा नेम होता. लहानपणी आईचा आरसा कोणी फोडला, हा विषय अजून मिटला नव्हता. लिफ्ट बंद झाल्यापासून भांडण बंद. फोनवर जमेना, कारण आत्याला ऐकू कमी यायचं आणि ती प्रत्येक वाक्याला "बरं, बरं" म्हणायची. समोरासमोर तिने जन्मात कधी कोणाला "बरं" म्हटलं नव्हतं. बाबांना ते ऐकून भडभडून यायचं. मग ते गॅलरीतून टॉवेल हलवत आणि आत्या खालून छत्री हलवत असे. एवढ्यावर दोन म्हातारी माणसं दिवस काढत होती.

तर, तक्रारींचा प्रोग्राम सी भाषेत होता. तो लिहिणारा गृहस्थ कधीच सोडून गेला होता; ऑफिसात त्याला ‘मूळपुरुष’ म्हणत. मूळपुरुष भारी काटकसरी. तक्रारदाराचं नाव, पत्ता, मजला यांना त्याने ऐसपैस जागा दिली होती, आणि तक्रार काय आहे याला दिलं होतं एक कॅरेक्टर. कॅरेक्टर म्हणजे संगणकाच्या पोटातली एक खोली, एका चिन्हापुरती. त्याचा हिशेब साधा होता. तक्रार कारकुनाने वाचायची, कोणत्या विभागाची ते ओळखायचं आणि विभागाचा नंबर त्या खोलीत टाकायचा. दिवाबत्ती चार, नळ पाच, लिफ्ट व जिने सहा, असे साठापर्यंत विभाग होते. मूळपुरुषाची चूक झाली ती एकच: तक्रार कोणीतरी वाचेल, हे त्याने गृहीत धरलं.

वाचणारे कारकून एकेक करून निवृत्त झाले. त्यांच्या जागा भरल्या नाहीत. जागा भरा ही मागणी तक्रारीत मोडते असं ठरलं, आणि ती तक्रार वाचायला कोणी नव्हतं. तक्रारी साचल्या. तेव्हा मोठ्या साहेबांनी धाकटीला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, संगणकाला वाचता येतं ना?"

"वाचता येतं साहेब. कळत नाही."

"कळायला कोण सांगतंय? आपल्याला तरी कुठे कळतं? लोक लांबलचक लिहितात, ती झाली स्ट्रिंग. आपल्याला हवं एक कॅरेक्टर. स्ट्रिंगचं कॅरेक्टर करा आणि मोकळ्या व्हा. उद्या बैठक आहे."

धाकटीने सांगून पाहिलं की मजकुरातला अर्थ ओळखायचा तर शब्दांचे तक्ते करावे लागतील, काही महिने लागतील. साहेब म्हणाले, "मग तात्पुरतं काहीतरी करा." (या कार्यालयाचा जिनाही तात्पुरता आहे. त्याच्या पायऱ्या झिजून मधोमध खोलगट झाल्या आहेत.)

तिने तात्पुरतं केलं. मजकूर आला की त्यातला पहिला तुकडा उचलायचा, खोलीत टाकायचा, उरलेलं सोडून द्यायचं. एका ओळीचं काम. सी भाषा जुन्या घरच्या गड्यासारखी आहे. सांगाल ते करते, का म्हणून विचारत नाही. प्रोग्राम तपासून घेणारा कंपायलर एरवी एका स्वल्पविरामासाठी घर डोक्यावर घेतो. त्यानेही ब्र काढला नाही. धाकटीने पर्स उचलली आणि घरी गेली.

आता थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. इंग्रजी अक्षर संगणकाच्या एका खोलीत मावतं. आपलं अक्षर मावत नाही. त्याला तीन खोल्या लागतात. काना, मात्रा, वेलांटी यांचं बिऱ्हाड आणखी वेगळं. तीनपैकी पहिल्या खोलीत फक्त वस्तीची खूण असते आणि अक्षर कोणतं ते पुढच्या दोन खोल्यांत कळतं. क असो की ज्ञ, पहिली खोली सगळ्यांची सारखी. धाकटीच्या प्रोग्रामने नेमकी तीच खोली उचलली. रस्त्यावरचा खड्डा असो, गटाराचं झाकण असो, शेजाऱ्याचा कुत्रा असो, प्रत्येक तक्रारीची एकच खूण झाली. त्या खुणेचा आकडा मूळपुरुषाच्या प्रोग्रामने आपल्या पद्धतीने, म्हणजे खोलीत न मावणारा मोठा आकडा उणे धरून, वाचला. तो निघाला उणे बत्तीस.

उणे बत्तीस क्रमांकाचा विभाग कार्यालयात नव्हता. नसलेल्या विभागात कर्मचारी नव्हते, कर्मचारी नसल्याने कोणाच्या टेबलावर काही पडून नव्हतं, आणि कोणाच्याही टेबलावर पडून नसलेली तक्रार नियमानुसार निकाली निघालेली असते. दुसऱ्या दिवशी बैठकीत पडद्यावर आकडे आले. प्रलंबित तक्रारी: शून्य. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शून्य ते शून्यच.

आठवडाभरात ‘नागरिकांच्या तक्रारींचे एकजिनसीकरण: एक पथदर्शी प्रयोग’ या नावाचा अहवाल तयार झाला. त्यातले ठळक निष्कर्ष असे:

नागरिकांमध्ये मतभेद असतात हा समज चुकीचा असून त्यांचं पूर्ण एकमत आहे.

पूर्वी तक्रार निकाली निघायला सरासरी सात महिने लागत. आता ती पोचण्यापूर्वी निघते.

समाधानी नागरिकांचं प्रमाण शंभर टक्के आहे. (असमाधान कळवलेल्या नागरिकांची पत्रं याच प्रणालीतून आली व निकाली निघाली.)

अहवाल वाचून वरिष्ठ इतके खूश झाले की त्यांनी विभाग क्रमांक उणे बत्तीसला भेट देण्याची इच्छा व्यक्त केली. तेव्हा तो स्थापन करणं क्रमप्राप्त झालं. उणे आकड्याचा विभाग जमिनीच्या खाली असणार, हे तर्काला धरूनच होतं. तळघरातल्या मोडक्या खुर्च्या हलवल्या, भिंतींना रंग दिला, दाराला पाटी लावली आणि विभागप्रमुख म्हणून मोठ्या साहेबांच्या मेहुण्यांची नेमणूक झाली. मेहुणे बरीच वर्षं योग्य संधीच्या शोधात होते आणि काहीही न करण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता. तळघरात ते सकाळी वेळेवर येत, दिवा लावत, आणि कामकाज पाहत. कामकाज चोख चाले.

धाकटीला चूक कळली ती बाबांच्या तक्रारीमुळे. बाबांनी फोनवरून लिफ्टबद्दल सविस्तर लिहिलं होतं. मोटर कुठली, दोर कसा सरकला, कोणता बोल्ट बदलला की काम होईल, सगळं. शेवटी लिहिलं होतं, "बहिणीचं वय झालं आहे. माझंही झालं आहे. लवकर बघावं." अर्ध्या सेकंदात उत्तर आलं: आपली तक्रार निकाली निघाली आहे. बाबांनी फोन केला.

"धाकटे, निकाली निघाली म्हणजे काय गं? लिफ्ट तर जागची हललेली नाही."

धाकटीने प्रोग्राम उघडला, आपली ओळ पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. तडक केबिनमध्ये गेली.

"साहेब, चूक झालीय. सगळ्या तक्रारींचं एकच अक्षर होतंय. कोणाचीच तक्रार कुठेच जात नाहीये."

"हळू बोला," साहेब म्हणाले. "पुरस्कार समितीचे लोक बाहेर चहा घेताहेत."

"पण साहेब, एका ओळीची दुरुस्ती आहे."

"मॅडम, दुरुस्ती म्हणजे बदल. बदल हवा तर नियमाप्रमाणे लेखी मागणी नोंदवा."

तिने नोंदवली. ती मागणी उणे बत्तीसकडे गेली आणि निकाली निघाली. मेहुण्यांनी तिला जिन्यात गाठून सहकार्याबद्दल आभारही मानले.

गुपचूप बाबांच्या नावापुढे सहा आकडा घालावा, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण बाई प्रामाणिक होती. (तिच्या सेवापुस्तकातला हा एकमेव प्रतिकूल शेरा.) तिने सरळ मार्ग काढला. इंग्रजी अक्षराला आणि इंग्रजी आकड्याला एकच खोली लागते. तेवढं उचललं तर ते शाबूत पोचतं. तिने बाबांना फोन केला.

"बाबा, तक्रार पुन्हा लिहा. अगदी सुरुवातीला सहा टाका, लिफ्टचा नंबर. इंग्रजीतला सहा हं. आपल्या सहाला तीन खोल्या लागतात."

"सहाला तीन खोल्या? इथे माणसाला एक मिळत नाही."

"बाबा, टाका ना."

बाबांनी टाकला. आणि इथे धाकटी दुसऱ्यांदा घसरली. सी भाषेत कॅरेक्टरच्या खोलीत ठेवलेल्या ‘6’ या चिन्हाची किंमत सहा नसते. चोपन्न असते. हे पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात आणि पहिल्या वर्षाची पोरं ते विसरतात. धाकटीला ते झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं, पण वडिलांच्या बाबतीत माणूस घायकुतीला आलेला असतो. ज्याची किंमत खरोखर सहा आहे असं चिन्ह फोनच्या कुठल्याच बटणावर नसतं. म्हणजे लिफ्ट विभागापर्यंत पोचणं कोणाही नागरिकाला शक्य नव्हतं. लिफ्ट विभागाचा त्या वर्षीचा शिस्तीबद्दलचा फिरता चषक हा याचाच परिणाम.

विभाग क्रमांक चोपन्न होता सार्वजनिक बाकड्यांचा. सुधारणेपासून त्यांच्याकडे एकही तक्रार आली नव्हती. गोदामात बाकडी खच्चून भरलेली, माणसं जांभया देऊन दमलेली. अशात मागणी आली म्हटल्यावर त्यांना भरून आलं. दुसऱ्याच सकाळी चार धट्टेकट्टे गडी एक लोखंडी बाकडं खांद्यावर घेऊन सहा मजले चढले आणि बाबांच्या दारासमोर जिन्याच्या वळणावर त्यांनी ते सिमेंटमध्ये पक्कं बसवलं. पत्ता आणि मजला बिनचूक होता. तेवढा रकाना मूळपुरुषाने मोठा ठेवलेलाच होता.

"अहो, मी लिफ्ट मागितली होती," बाबा म्हणाले.

"आजोबा, बसून बघा," मुकादम म्हणाला.

बाबा बसले. बाकडं चांगलं होतं. गुडघ्यांना बरं वाटलं. आणि जन्मभर जड वस्तू टप्प्याटप्प्याने हलवलेल्या त्या माणसाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी खालच्या पाचही मजल्यांवरच्या शेजाऱ्यांना फोन लावले. "काही लिहू नका. फक्त इंग्रजी सहा टाका आणि पाठवा. कारण विचारू नका, म्हाताऱ्यावर उपकार करा."

शेजारी भले होते. शिवाय न समजता काहीतरी पाठवून द्यायची सगळ्यांना सवय होतीच. आठवड्याभरात इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर, जिन्याच्या वळणावर, एकेक बाकडं आलं. पाठीवर पत्र्याची पाटी: ‘नागरिकांच्या मागणीनुसार’.

कार्यालयाने या घटनेची गंभीर दखल घेतली. ज्या इमारतीत लोक इतक्या हौसेने जिन्यात बसतात, त्या इमारतीला लिफ्टची गरज नाही, हे उघडच होतं. लिफ्ट विभागाने, कोणी न सांगता, आपणहून, लिफ्टच्या दाराला लोखंडी पट्टी मारून ती कायमची बंद केली. त्या विभागाने त्या वर्षात केलेलं हे पहिलं काम. त्याबद्दल त्यांना चषक आणखी एक वर्ष ठेवून घ्यायला परवानगी मिळाली.

पुरस्काराचा दिवस उजाडला. नगरसेवेचं सभागृह, स्टेजवर फुलं, पहिल्या रांगेत मेहुणे. धाकटीला शेवटून दुसऱ्या रांगेत जागा मिळाली होती, तीही खांबामागे. साहेब बोलायला उभे राहिले. "हा पुरस्कार माझा नाही," ते म्हणाले, आणि तो घट्ट धरून बोलत राहिले.

त्याच दुपारी बाबा घरातून निघाले होते. एक मजला उतरायचा, बाकड्यावर बसायचं, दम खायचा, पुढचा मजला. आत्याने खालून त्यांना जिन्याच्या खिडकीत पाहिलं. तिला राहवेना. तीही काठी टेकत चढायला लागली. एक मजला, बाकडं, दम. तिसऱ्या मजल्यावर दोघांची गाठ पडली. आत्या धापा टाकत बाकड्यावर बसली, भावाकडे खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "केवढा वाळलास रे!"

"आणि तू ठार बहिरी झालीस, अक्का."

"आरसा तूच फोडलास," आत्या म्हणाली.

बाबांच्या डोळ्यांना धार लागली. किती दिवसांनी कोणीतरी त्यांच्याशी नीट भांडत होतं! दोघं पोटभर भांडली, आईची आठवण काढून रडली, पुन्हा भांडली. ऊन कललं तेव्हा उठायची वेळ झाली, आणि तेव्हा कळलं की उठवत नाही. बाबांचे गुडघे धरले होते. आत्याच्या छातीत धडधडत होतं. तिला वर जाववेना की खाली. शेजारी अजून कामावरून यायचे होते. बाबांनी फोन काढला आणि धाकटीला मेसेज लिहायला घेतला. लिहिताना त्यांचा हात सैल सुटे. त्यांनी आधी तिचं कौतुक केलं, तुझ्या सहा आकड्याने काम केलं म्हणाले, मग अक्का कशी चढून आली ते लिहिलं, मग आरशाचं लिहिलं, आणि अगदी शेवटी, तिला उगाच काळजी नको म्हणून बेताबेताने, लिहिलं की आम्ही दोघं तिसऱ्या मजल्यावर अडकलोय, अक्काला बरं वाटत नाहीये, तू निघून येशील का.

सभागृहात टाळ्या चालू असताना धाकटीच्या हातात फोन थरथरला. तिने पाहिलं. बाबा. लांबलचक. पहिली ओळ होती: ‘धाकटे, तू शहाणी आहेस, आज फार आनंद झाला.’ तिला बरं वाटलं. साहेब नेमके तिच्याच रांगेकडे बघत होते. तिने पटकन एक अंगठा पाठवला आणि फोन पालथा ठेवून टाळ्या वाजवू लागली.

तिसऱ्या मजल्यावर बाबांनी अंगठा पाहिला आणि आत्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "येतेय गं ती! लगेच येतेय!"

"बरं, बरं," आत्या म्हणाली.

धाकटीला नावं ठेवण्याचं कारण नाही. ती गुणी मुलगी आहे, आणि घरी जाताना बसमध्ये तिने बाकीच्या ओळी वाचल्या व ती पुढच्या थांब्यावर उतरून धावत सुटली, एवढं तिच्या बाजूने नोंदवतो. मूळपुरुषाच्या काळी जागेची टंचाई होती. तिच्या काळी वेळेची होती. अंगठ्याचं मात्र नवल वाटतं. त्या एका चिन्हाला संगणकाच्या पोटात चार खोल्या लागतात. आपल्या अक्षरापेक्षा एक जास्त.

असो. इथवर आलात, हसलात, कार्यालयं ही अशीच असतात म्हणालात, त्याबद्दल आभार. आता फोन हातात आहेच, तर तो मेसेज उघडा. सकाळी घरून आला होता तो, लांबलचक. त्याची पहिली ओळ तुम्ही वाचली आहे, आणि तुमच्याकडून तो कधीच निकाली निघाला आहे.